रंगाच्या डब्याखालचं वटवाघूळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे खुसखुस चालणार नाही. आणि ते मोबाईल आधी उलटे ठेवा. हे घडलं आमच्या रंगाऱ्याच्या बाबतीत. माणूस एक नंबरचा बडबड्या, पण ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, तीही खाली मान घालून.

गेल्या वर्षी, मंगळवारची रात्र. एका रिकाम्या घराचा वरचा मजला रंगवायचं काम त्याने घेतलं होतं. बुधवारी संध्याकाळी मालकाला किल्ली द्यायची, म्हणून मुक्काम तिथेच. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, म्हणून त्याची सहा वर्षांची चिमुरडी लेकही बरोबर. भिंती वाळाव्यात म्हणून त्याने सवयीप्रमाणे खिडक्या सताड उघड्या टाकल्या, पोरीला चादरीवर झोपवलं आणि स्वतः पलीकडच्या खोलीत दाराच्या चौकटी घासत बसला.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोरीच्या खोलीत फडफड झाली. बघतो तर वटवाघूळ! छताखाली गरगर फिरत होतं. पोरगी ढाराढूर. गडी डगमगला नाही. ते भिंतीला चिकटल्यावर त्याने रंगाचा रिकामा डबा त्याच्यावर पालथा घातला, मधून पुठ्ठा सरकवला आणि खिडकीतून दिलं सोडून. वर स्वतःचीच पाठ थोपटली.

मग मनात शंकेची पाल चुकचुकली. कुत्र्यापासून होतो तसा वटवाघळापासूनही रेबीज होतो, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्याने मोबाईलच्या उजेडात पोरीचे हात, पाय, तोंड पाहिलं. साधा ओरखडासुद्धा नाही. 'उगाच कशाला झोपमोड? सकाळी बघू. आणि बायकोला कळलं तर माझी खैर नाही,' असं म्हणत परत कामाला बसला. पण जीव थाऱ्यावर कुठला! दोनदा उठला, दोनदा बसला. पोरीचा श्वास ऐकून आला.

"मग काय झालं, काका?"

मग नळ सुरू झाला. स्वयंपाकघरातला.

हा उठून गेला. ओट्याशी एक माणूस. पाठमोरा. हातात भरलेला पेला... तोंडापर्यंत नेतो... हात थरथरतो... मान झटक्याने बाजूला. पाणी ओतून देतो. परत भरतो. परत तेच.

रेबीज अंगात भिनला ना, की असंच होतं रे. तहानेने जीव जातो आणि पाणी घशाखाली उतरत नाही.

"कोण... कोण आहे?"

नळ चालूच.

"कोण आहे?"

तो वळला नाही. घोगरा आवाज आला.

"मलाही... काही दिसलं नव्हतं."

...

"मीही म्हणालो... सकाळी बघू."

नळ थांबला. ओट्याशी कुणी नाही.

रंगाऱ्याने पोरीला चादरीसकट उचललं. पायात चप्पल नाही, दाराला कुलूप नाही. तीनला पाच कमी असताना तो दवाखान्यात होता.

रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्यालाच झापलं. "सोडून दिलंत? डब्यातच ठेवून कळवलं असतंत, तर तपासता आलं असतं! मूल झोपलेल्या खोलीत वटवाघूळ सापडलं, की जखम दिसो न दिसो, इंजेक्शनं द्यायचीच. एकदा लक्षणं दिसली की आमच्या हातात काही उरत नाही."

एवढा दांडगा गडी, पण तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडला.

पोरगी ठणठणीत आहे, काळजी करू नका. सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली. परवाच कार्टीने माझा चष्मा लपवून ठेवला होता.

पण त्या रात्री सिस्टर साबणाचं पाणी घेऊन आली. पोरीचे केस एकेक बट बाजूला करून पाहू लागली. उजव्या कानामागे थांबली. तिथे केसांच्या आत, सुईच्या टोकाएवढे दोन लाल ठिपके. आणि त्यांच्याभोवती निळ्या पेनने काढलेला, नीट गोल. शाई अजून ओली.

"बरं केलंत, खूण करून आणलीत," सिस्टर म्हणाली, "नाहीतर मला सापडलंच नसतं."

रंगाऱ्याने कानामागे पाहिलंच नव्हतं.