पूर्वेच्या दारातले जोडे

बसा, कॉफी सांगतो. कुंभकोणमला येऊन चहा मागायचा नसतो.

माझं समयांचं दुकान. आल्या पाहुण्याला देवळं दाखवायची हौसही माझीच. गेल्या महिन्यात तूत्तुकुडीहून भाचा आला, बालकृष्ण, बायको वेदवतीला घेऊन. बंदरात क्रेन चालवतो. इतका मवाळ, की घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडेल. सकाळी दारासुरमचं देऊळ केलं, मग तिरुविडैमरुदूरचं.

तिथला रिवाज आम्हा इकडच्यांच्या अंगवळणी पडलाय: पूर्वेच्या दारानं आत, पश्चिमेच्या दारानं बाहेर. अंधारात एका राजाच्या घोड्याखाली ब्राह्मण मेला आणि ते पाप राजाच्या मागं लागलं. राजा पूर्वेनं आत शिरला, पश्चिमेनं निसटला. पाप अजून पूर्वेच्या दारात त्याची वाट बघतंय, म्हणतात. म्हणून आम्ही जोडे गाडीत ठेवतो आणि गाडी पश्चिमेला पाठवतो. त्या दिवशी बोलण्याच्या भरात तिघांनीही जोडे पूर्वेलाच काढले.

दर्शन होईतो ऊन डोक्यावर आलं. माझा गुडघा ठणकत होता.

"मामा, जोडे तिकडंच राहिले की!"

"जा, पटकन घेऊन ये."

"पहारेकरी तर सगळ्यांना पश्चिमेकडं धाडतोय."

"मग काय, गोपुरावरून उडी मारतोस?"

वेदवती हसली. मीही हसलो. गोष्ट मला ठाऊक होती, त्याला नव्हती.

तो पहारेकऱ्याची नजर चुकवून पूर्वेच्याच दारानं बाहेर पडला; आम्ही दोघं पश्चिमेनं निघून गाडीत बसलो. बऱ्याच वेळानं तो बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून आला. हातात आमचे जोडे... आणि एक खडाव. एकच. त्या रखरखीत उन्हात चिंब ओली.

"ही कुणाची रे?"

"त्याची..."

गाडीत घोड्याच्या घामाचा वास भरला. बालकृष्ण बाटलीतल्या पाण्यानं हात धूत राहिला.

"मामा... अंधार होता हो. दिसलाच नाही तो... खुराखाली काहीतरी मऊ लागलं..."

"अहो, कोण? काय बोलताय?" वेदवती रडायला लागली.

जन्मात घोड्यावर बसला नव्हता तो.

त्यांना तूत्तुकुडीच्या गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती खडाव घेऊन मी एकटा गेलो. पूर्वेनं आत, पूर्वेनंच बाहेर. दाराशी खडाव ठेवली. म्हटलं, "त्याला मी धाडलं. त्याला सोड, मला धर." हात जोडून उभा राहिलो. काही नाही. वाऱ्याची झुळूकही नाही.

दारातली फुलवाली बराच वेळ बघत होती. हळूच म्हणाली, "आता इथं कुणी नाही, स्वामी. घरी जा."

काल वेदवतीचा फोन आला.

"आता झोप लागते त्यांना, मामा. कामावर मात्र जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ दाराबाहेरच्या खडावा पुसत बसतात..."

"कुठल्या खडावा? ती तर मी देवळाशी ठेवून आलो!"

"दोन्ही आहेत, मामा." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आणि आज... आज त्या उंबऱ्याच्या आत काढलेल्या आहेत."