मधली जागा

रात्री वारलेल्या आत्याबाईंना ठेवायला सकाळी घराण्याच्या थडग्याची शिळा सरकवली, तर आत पेर्कास! त्यांचाच भाचा, घरातला कर्ता पुरुष. डोकं फुटलेलं आणि उशाशी ग्रीक कुंभार ल्यूकोनच्या हातचा नवा वाडगा.

"आणखी काय पुरावा हवा?" गावप्रमुख गरजला. "काल भरबाजारात दोघं हातघाईवर आले होते. ल्यूकोनला दिवस मावळायच्या आत कड्यावरून लोटा."

"जरा दम धरा," म्हातारा आतिस म्हणाला. एन्तेल्ला गावातली निम्मी थडगी त्यानेच डोंगरात कोरलेली.

तो रांगत आत गेला. आजा-आजीची हाडं नुकतीच भिंतीला सारलेली, कवट्या ओळीने दाराकडे तोंड करून. त्यामुळे कोपऱ्यात झालेल्या चिंचोळ्या जागेत पेर्कासला कोंबलेलं. मधोमध सहा महिन्यांपूर्वी ठेवलेली आतिसची बहीण ओर्ना. तिच्या अंगावरचं वस्त्र जराही हललं नव्हतं.

बाहेर येऊन त्याने हात बांधून उभ्या केलेल्या कुंभाराला विचारलं, "ल्यूकोन, नवं मढं आलं की तुमच्यात जुन्या हाडांचं काय करतात?"

"काय करणार? ज्याला त्याला वेगळा खड्डा. हाडांना कोण हात लावतो, बाबा!"

"सारिस, तू सांग."

सारिस ओर्नाचा एकुलता एक मुलगा, पेर्कासचा चुलतभाऊ, आतिसच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. "भिंतीला सारतात, मामा. कवट्या दाराकडे. मधली जागा नव्याला."

"आणि आईला कोण हलवतं?"



"दुसरं कुणीतरी," गावप्रमुख म्हणाला. "पोटच्या पोराने आईला हलवायचं नसतं. पण त्याचं इथे काय?"

"परका असता तर मढं दारातच टाकून पळाला असता," आतिस म्हणाला. "मारणाऱ्याने मात्र हाडं रीतीने लावली. हाताची सवय, दुसरं काय! पण मधली ऐसपैस जागा सोडून पेर्कासला कोपऱ्यात कोंबलं, कारण मध्ये ओर्ना होती. तिला हलवायची बंदी या गावात एकालाच आहे."

सारिस थडग्याच्या दाराशी जाऊन बसला. "आत्या शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून पेर्कास कालच जागा करायला आला. अजून केस होते रे मामा आईच्या डोक्यावर! मी पाया पडलो त्याच्या. 'जागा अडवून बसलीय म्हातारी,' म्हणाला. हाताशी दगड होता."

"आणि वाडगा?"

"आईच्या उशाशी ठेवायला आणला होता. मग घाबरलो, ल्यूकोनवर यावं म्हणून त्याच्या उशाशी ठेवला."

ल्यूकोनच्या हातांची दोरी सोडून सारिसच्या हातांना बांधली.

"तू गप्प बसला असतास, तर कुणाच्या बापालाही कळलं नसतं," सारिस म्हणाला.

आतिसला रडू आवरेना. "म्हणून तर बोललो, बाळा. गप्प बसलो असतो, तर या परक्याला कड्यावरून मीच लोटलं असतं."