गळक्या डेऱ्याचं गुपित

"अजून ओत! काठोकाठ! सांगितलेलं कळत नाही का?"

सीना नदीच्या काठावर गुरुबसप्पा मुकादम छत्री टेकून उभे होते. समोर गैबीसाबची बैलगाडी. गाडीत गवताची जाड गादी, गादीवर मातीचे सात डेरे, आणि प्रत्येक डेऱ्यात शेवयांच्या तुकड्यांएवढी माशांची पिल्लं! सोलापूरपलीकडच्या तलावात ती सोडायची होती.

"दोन खेपा मेल्या," मुकादम बोटं मोडत म्हणाले. "ही तिसरी आणि शेवटची. नदी उतरली, आता यंदा पिल्लं मिळणार नाहीत. हीसुद्धा मेली, तर गैबीसाब, तलावाच्या कमिटीला लिहूनच देतो. गाडीवाल्यानं पाण्यात काहीतरी कालवलं!"

गैबीसाबनं बैलाच्या मानेवरून नुसता हात फिरवला. त्याची मुलगी अकबरी मात्र मुकादमांकडे बघतच राहिली. असलं लिहिलेलं एकदा गावभर झालं, की अब्बांच्या गाडीत कोण माल भरणार?

मुकादमांच्या डोक्यात एक वहीच होती म्हणा ना! तीत दुसऱ्यांच्या चुका तारीखवार टिपलेल्या असत. स्वतःच्या चुकांसाठी मात्र तीत पानच शिवलेलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीत अकबरीबरोबर आणखी दोघं गाडीत चढली होती. एक मुकादमांचा भाचा पंचाक्षरी, अक्कलकोटहून आलेला. दुसरी कोंडीबा भोयाची मुलगी सोजर. पिल्लं धरली होती तिच्याच बापानं.

"तलावातच का नाही वाढवत ही पिल्लं?" पंचाक्षरीनं विचारलं. "मोठे मासे सोडायचे, ते घालतील अंडी!"

"शाळेत जातोस अन् येवडंबी ठावं न्हाय?" सोजर हसली. "ह्यो मासा साचल्या पाण्यात अंडी घालतच न्हाय की! त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर दरसाल नदीवर यायाचं."

"सावकाश हाक!" पुढच्या टांग्यातून मुकादम ओरडले. "एक थेंब सांडला तर बघ!"

डेऱ्यांच्या तोंडांवर ओली फडकी आवळून बांधली होती. गाडी पाळण्यासारखी संथ चालली. थेंब सांडला नाही. फक्त सगळ्यांत मागचा डेरा मधोमध चिरलेला निघाला आणि झुळुझुळु गळू लागला.

"कुणी निवडला हा? गैबीसाबनंच ना?" मुकादमांच्या वहीत नोंद झाली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी जकात नाक्यावर पोचली, आणि तिथं अडली. नाकेदारानं चष्मा कपाळावर चढवला.

"डेऱ्यांत काय? मासळी? मग जकात पडेल."

"मासळी कशी? ही पिल्लं आहेत!" मुकादम तणतणत आत गेले. "तुमचा कायदा दाखवा मला!"

कायद्याचं पुस्तक निघालं. पानं उलटू लागली. गाडी उन्हात उभी. पाव तास झाला, पण आतला आवाज चढतच होता.

अकबरीला राहवेना. तिनं पहिल्या डेऱ्याची सुतळी सोडली आणि ती किंचाळलीच!

"सोजर! बघ गं!"

सगळी पिल्लं पाण्याच्या अगदी वर आली होती. इवलीशी तोंडं उघडमीट करत होती. काही तर कुशीवर कलंडलेली! दुसरा डेरा उघडला, तिसरा उघडला, सगळीकडे तेच.

"संपलं," गैबीसाब पुटपुटला. "बेटी, झाक ते. बघवत नाही."

पण अकबरीनं झाकलं नाही. ती मागच्या गळक्या डेऱ्याकडे गेली. त्यात पाणी निम्म्याच्या खाली उतरलं होतं आणि पिल्लं? खाली-वर सुळसुळ पळत होती!

"चिरलेल्या डेऱ्यातली जिवंत कशी?" पंचाक्षरी डोळे फाडून बघत होता. "उलट तीच मरायला हवी होती!"

"सोजर, तुझा बाबा शेताच्या डबक्यात पिल्लं नेतो ती कशात?" अकबरीनं घाईघाईनं विचारलं.

"कावडीनं. खांद्यावर बांबू, दोन्ही अंगाला मडकी. लई हिंदकळतात, पर एक मरत न्हाय."

"मडकी काठोकाठ?"

"येडी हायस का? खांदा मोडंल की! निम्मीच भरतो."

अकबरी ताडकन उठली. "हिंदकळतं ना पाणी? या डेऱ्यातलंही सगळी वाट हिंदकळत होतं! भरलेल्यात ते हलायला जागाच नाही! अब्बा, सगळे डेरे निम्मे करू या!"

गैबीसाबनं डेऱ्यावर हात आडवा धरला. "आणि मुकादम? पाणी मी सांडलं, पिल्लं मी मारली, असंच लिहितील ते!"

"नाही सांडलं तरी तेच लिहिणार आहेत, अब्बा!"

गैबीसाबनं एकदा नाक्याच्या दाराकडे पाहिलं, एकदा डेऱ्यात. मग बाह्या सरसावल्या. "पंचाक्षरी, तुझ्या मामांना आतच ठेव. जमेल?"

"ते माझ्यावर सोडा!" पंचाक्षरी आत पळाला. लगेच त्याचा भाबडा आवाज बाहेर आला, "मामा, पण पिल्लं वाटेत मोठी झाली तर जकात कितीची धरायची?"

आत नव्यानं जुंपली!

बाहेर फडक्यातून गाळून पाणी उपसलं जात होतं. पिल्लू आलंच तर सोजर चिमटीनं परत सोडत होती. डेऱ्यांना हिसके बसावेत म्हणून गवताची गादी भिरकावली गेली. तेवढ्यात शिपाई ओरडला, "गाडी पुढं घ्या! जकातीचं आत ठरेल तेव्हा ठरेल, रस्ता अडलाय!"

"घेतो की!" गैबीसाबनं बैलांच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं मुद्दाम खडीचा रस्ता धरला. धडाड धडाड! डेरे नाचू लागले, पाणी डचमळू लागलं. मुली दातावर दात आवळून डेरे कवटाळून बसल्या. चढावर बैल थांबले की दोघी हातांनी पाणी घुसळायच्या. अकबरीचे दंड भरून आले. कलंडलेलं एक पिल्लू तिच्या बोटाशी आलं, शेपटी हलली, आणि ते सुर्रकन खाली गेलं!

"अब्बा, चाललं! पळवा गाडी!"

तलावावर कमिटीचे म्हातारे अध्यक्ष वाट पाहत होते. मागोमाग टांग्यातून मुकादम आणि पंचाक्षरी उतरले. डेरे पाहताच मुकादमांनी गैबीसाबवर छत्री रोखली.

"बघा साहेब! निम्मं पाणी सांडलं! मी याला..."

"आधी पिल्लं बघू," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा, एकदम ओतू नगा!" सोजर पुढं झाली. "डेरं तळ्यात ठिवा. तळ्याचं पाणी हळूहळू आत घ्या."

तलावाचं पाणी आत शिरलं, डेरे कलले, आणि पिल्लांचे थवेच्या थवे काठाशी पसरले. मेली होती ती मूठभरच.

अध्यक्षांनी सगळी हकीकत विचारून घेतली. "पाणी हललं की त्यात हवा मिसळते," ते हळूच म्हणाले. "कोंडून ठेवून मारत होतो आपणच. गैबीसाब, दोन खेपांचा ठपका मी स्वतः पुसतो. पुढच्या वर्षीही गाडी तुझीच. पोरांनो, तुम्ही आमची लाज राखलीत! हे सुचलं कुणाला?"

एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा गैबीसाब मोठ्यानं म्हणाला, "माझ्या अकबरीला, साहेब!"

सगळे पांगले. अकबरी काठाशी वाकून पिल्लं पाहत होती. मागं खाकरण्याचा आवाज आला. मुकादम! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, छत्री जरा आडवी धरली आणि हळूच विचारलं,

"अकबरीबाई, निम्मा डेरा म्हणजे नेमका कुठपर्यंत गं?"