बुलढाण्याचा बरोबरीचा डाव

यात पदरचं काहीच घातलेलं नाही. जानेवारी १९६५. बुलढाण्यातल्या एका शाळेचं सभागृह, जलद बुद्धिबळाचा शेवटचा डाव. भर दुपारची वेळ.

एका बाजूला तहसील कचेरीतले कारकून नीळकंठराव. समोर धाड गावचे भगवानराव. नीळकंठराव जिंकले तर नागपूरच्या स्पर्धेला जाणार होते. बरोबरी झाली तर जास्त गुणांवर भगवानराव.

नीळकंठराव जिंकतच आले होते. घोडा पुढे टाकला की मात.

त्यांनी घोडा उचलला...

कानाशी कुणीतरी धाप लागल्यासारखा श्वास घेतला.

मागे कुणीच नव्हतं.

पटाकडे पाहिलं, तर त्यांच्याच हाताने घोडा मागच्या घरात ठेवला होता.

“काऊन हो नीळकंठराव, वापस नेला?” भगवानराव हसले. “माही कीव आली का?”

तो श्वास नीळकंठरावांच्या ओळखीचा होता.

गेल्या वर्षी याच सभागृहात समोर लोणारचे लक्ष्मीकांत मास्तर होते. घामाघूम, धापा टाकत. हळूच म्हणाले, “बरोबरी करू, राव. छातीत कसंतरीच होऊन राह्यलं.”

बरोबरी नको असेल तर काही न बोलता पुढची खेळी करायची, अशी रीत. नीळकंठरावांनी खेळी केली. घड्याळ दाबलं. मास्तरांची मान खाली गेली...

नीळकंठराव त्यांच्या घड्याळाकडेच बघत राहिले.

वेळ संपल्यावर म्हणाले, “जिंकलो.”

मास्तर गेले होते. त्यांचं ते मागणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. नीळकंठरावांनीही सांगितलं नाही.

आता भगवानरावांचा राजा दोनच घरांत हलत होता. नीळकंठरावांचा घोडा मातेच्या घरात न जाता आपल्या आधीच्याच घरात गेला... मागे आला. आधीच्या घरात... पुन्हा मागे.

बोटं त्यांची होती. जोर त्यांचा नव्हता.

“तीच मांडणी तिसऱ्यांदा,” पंच म्हणाले. “बरोबरी.”

नागपूरला भगवानराव गेले. नीळकंठरावांना वाटलं, फिटलं.

फिटलं नव्हतं.

पुढचा प्रत्येक डाव बरोबरीत सुटला. मग एका रविवारी ते घरी मुलीशी, चारुलताशी, हरायलाच बसले. वजीर फुकट दिला, हत्ती दिले. शेवटी राजा असा कोंडला, की त्याला शह नाही आणि हलायला घरही नाही.

बरोबरी.

“बाबा, मुद्दाम करता तुम्ही!” ती रडवेली झाली. मग थबकली. “आणि एवढ्या धापा का टाकताय?”

नीळकंठरावांचा श्वास अगदी संथ चालला होता.

त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या. “बाळा,” ते म्हणाले, “एकदा तरी हरव मला.”

अजून तिला ते जमलेलं नाही. कुणालाच नाही.