कोणी जेवायचं राहिलंय का?

सांगतोय ते घडलेलं आहे. त्याला तिखटमीठ लावलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, मला राग नाही.

आणि रात्रही नव्हती.

दुपार होती. थंडीचे दिवस, आभाळ भरून आलेलं, आणि घाटाच्या पायथ्याशी माझी गाडी वाफा सोडत उभी.

आमच्या भागात लोक डोंगर बघायला येत नाहीत, तळी बघायला येत नाहीत. जेवायला येतात. मी भाड्याची गाडी चालवायचो. मागे बसलेला माणूस पहिल्या वळणाआधीच विचारणार, "मामा, इथं चांगलं कुठं मिळतं?"

उत्तर तोंडपाठ होतं. पुलाजवळ मासे खा, पण लवकर जा, नंतर उरलेलं गरम करून देतात. जुन्या स्टँडमागे मटण. तिथला मालक गिऱ्हाइकावर खेकसतो, पण वाढताना हात आखडत नाही. दवाखान्याच्या रस्त्याला पाटी मोठी आणि वाटी छोटी, तिथे थांबायचंच नाही.

पाट्या मला तेव्हा वाचता येत नव्हत्या. अक्षरं नातीनं शिकवली, केस पांढरे झाल्यावर. मी खानावळी वासावरून ओळखायचो. डोळे बांधून फिरवलं असतं तरी कुठल्या दारासमोर उभा आहे ते सांगितलं असतं.

आणि सगळ्यात शेवटी म्हणायचो, "पण घरच्यासारखं जेवायचं असेल तर घाट चढा. वळणावर निळं दार आहे. सांगा, धाकट्यानं पाठवलंय."

निळं दार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची खानावळ. चार टेबलं, मागे चूल. बाकीचे ड्रायव्हर टोमणे मारायचे, "मामा, बहिणीची जाहिरात फुकटच करता काय?"

फुकट नव्हती. माझं ताट असायचं तिथे. वळणावर मी दोनदा हॉर्न द्यायचो. तो ऐकला की ताई एक ताट वाढून, वर दुसरं उपडं झाकून, चुलीच्या कडेला ठेवायची. सगळ्या ड्रायव्हरांना तिथे मागच्या दारी जेवण असायचं, पण झाकलेलं ताट फक्त माझं.

ताईची एक पद्धत होती. आधी पाहुणे. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत घरच्या माणसानं ताटाला हात लावायचा नाही. मग ती स्वयंपाकघराच्या पडद्याआडून विचारायची,

"कोणी जेवायचं राहिलंय का?"

उत्तर आलं नाही की पळीनं पातेल्याच्या काठावर दोन ठोके. टण्… टण्… म्हणजे आता घरच्यांनी बसावं. दाजी बसायचे, आचारीणबाई बसायची, मी बसायचो. आणि ताई?

"तुम्ही बसा. मी मागनं बसते."

आयुष्यभर ती मागनं बसली.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी घाटात ट्रक आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा. मी हॉर्न दिला होता, वळण दिसत होतं, पण गाडी हलत नव्हती. पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती. ताई चुलीशी पडली होती. तशीच, पदर खोचलेला.

चुलीच्या कडेला दोन झाकलेली ताटं होती. एक माझं. एक तिचं.

दोन्ही कोणी उघडली नाहीत.

दाजींनी खानावळीला कुलूप लावलं आणि बाजारामागच्या खोलीत राहायला गेले. माणूस वाळत चालला. भात पुढे ठेवला की बोटं फिरवत बसायचे. मी ओरडायचो, "दाजी, दोन घास तरी खा!" ते म्हणायचे, "ती उपाशी गेली रे. माझ्या घशाखाली कसं उतरेल?"



आता त्या दुपारचं सांगतो.

गाडीत एक जोडपं होतं, लांबून आलेलं. नवरा गरीब गाय. बायको बोलकी, मोबाईल हातात.

"मामा, हे पुलाजवळचं पहिलं दाखवतंय. चांगलंय?"

"मोबाईलला जीभ असते का बाई?"

ती हसली. "मग तुमची जीभ काय म्हणते?"

तेवढ्यात इंजिन तापलं. घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. नवऱ्याला भुकेनं चक्कर यायला लागलेली. बायको म्हणाली, "जवळ कुठं काही मिळेल का? काहीही चालेल."

माझे हात भाजत होते, लक्ष रेडिएटरमध्ये. आणि तोंडातून निघून गेलं, जसं हजार वेळा निघालं होतं.

"पायवाटेनं वर जा, वळणावर निळं दार आहे. सांगा, धाकट्यानं पाठवलंय."

ती दोघं चढून दिसेनाशी झाली. मी बाटलीतलं पाणी ओतत होतो.

आणि मग… हात थांबला.

ताई जाऊन पावसाळा उलटला होता.

मागे धावायचं म्हटलं तर गुडघा साथ देईना. म्हटलं, कुलूप बघून येतील परत. शिव्या देतील, खाऊन घेऊ.

पण ती आलीच नाहीत.

बराच वेळ गेला. वारा पडला. घाटात एरवी एखादी तरी गाडी कण्हत चढत असते… त्या वेळी एकही नव्हती.

मग दोघं उतरताना दिसली. सावकाश, पोट भरलेल्या माणसासारखी. नवऱ्याच्या तोंडावर रंग आला होता.

"मामा!" बायको लांबूनच म्हणाली. "असं जेवण मी माहेर सोडल्यापासून जेवले नव्हते. काय हात आहे हो त्या बाईंचा!"

मी विचारलं, "कुठल्या बाई?"

"निळ्या दाराच्या! तुम्हीच पाठवलंत ना? पदर खोचलेल्या, उंच. 'धाकट्यानं पाठवलंय' म्हटल्यावर हसल्या नुसत्या. नको नको म्हणताना तीनदा वाढलं. जेवण झाल्यावर पडद्याआडून विचारलं, कोणी जेवायचं राहिलंय का?"

माझ्या हातातली बाटली पडली.

"एक मात्र नवल," ती स्वतःचीच बोटं हुंगत म्हणाली. "एवढं गरमागरम… पण वास कशालाच नव्हता. मला वाटलं, सर्दी झाली असेल."

गाडी चालू झाल्यावर मी वळणाच्या जरा पुढे, निळं दार गाडीतून दिसणार नाही तिथे थांबलो. एकटाच मागे चालत जाऊन बघितलं.

कुलूप होतं. गंजलेलं. कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं… अखंड.

मी नाक फटीला लावलं. धुराचा नाही, फोडणीचा नाही, बंद घराला येतो तो कुबट वाससुद्धा नाही. काहीच नाही.

त्यांना मी काही सांगितलं नाही. उतरवून दिलं आणि सरळ दाजींची खोली गाठली.

दाजींनी सगळं ऐकलं. मला वाटलं घाबरतील. पण त्यांचे डोळे भरले.

"परक्यांना वाढलं तिनं. मी इतके दिवस हाका मारतोय, मला का दिसली नाही?"

मग स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे. पाहुणे संपल्याशिवाय ती घरच्याला कुठं वाढते?"

दुसऱ्या दिवशी दाजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार. नवरदेव दिसत होते. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आम्ही कुलूप काढलं. आत टेबलांवर धुळीचा थर. चूल थंड. पातेली उपडी घातलेली. जोडप्यानं जेवल्याची कुठे खूण नाही, ना खरकटं, ना धुळीवर बोट उमटलेलं.

भिंतीशी बसलो. दाजी दाराकडे बघत होते, कोणी पाहुणा येत नाही ना म्हणून. दुपार कलायला लागली. मी म्हटलं, "चला दाजी. नाही व्हायचं काही."

आणि तेवढ्यात…

पडद्याआडून…

"कोणी जेवायचं राहिलंय का?"

तोच आवाज. जरा दमलेला. हात पुसता पुसता विचारावं तसा.

दाजींनी माझा हात धरला होता.

"मी राहिलोय," दाजी म्हणाले. "मी राहिलोय गं."

आत काही हललं नाही.

मग… टण्… टण्…

दाजी उठले. मला म्हणाले, "तू थांब इथं." पडदा सारून आत गेले. ताट ठेवल्याचा आवाज आला. तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग नुसती कुजबुज, जुन्या नवरा-बायकोची असते तशी, अर्धी शब्दांत आणि अर्धी गप्प बसण्यात.

वास मात्र आला नाही.

दाजी बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात ओला होता.

"जेवलो," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा भरल्यासारखा दिसला.

"आणि ताई? ताई बसली का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हटलं मी, आता तरी बस. तर म्हणाली, अजून एक जण राहिलाय. तो जेवला की बसते."

आम्ही कुलूप लावलं. कोण राहिलाय, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. घाट उतरताना मात्र एकदा म्हणाले, "धाकट्या, तुला भूक नाही का रे लागली?"

"नाही," मी म्हणालो.

त्या दिवसानंतर दाजींनी अन्नाला हात लावला नाही. ताट पुढे केलं की हसून म्हणायचे, "पोट भरलंय." एका सकाळी खोलीत गेलो, तर झोपेतच गेले होते. चेहरा तसाच, तृप्त. खानावळीची किल्ली त्यांनी उशाला काढून ठेवली होती. ती आता माझ्याकडे आहे.

ते जोडपं मात्र धडधाकट आहे. पुढच्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "मामा, निळ्या दाराचं आम्ही मोबाईलवर टाकलंय. सगळ्यांना सांगतोय, त्या भागात गेलात तर तिथंच जेवा."

तेव्हापासून नवनवी माणसं मला फोटो दाखवतात. कुलपाचा नाही… उघड्या निळ्या दाराचा. "मामा, हे कुठं आलं?"

मी सांगतो, बंद झालं. पुलाजवळ मासे चांगले मिळतात.

रात्र रात्र एकच गोष्ट डोक्यात फिरते. पाहुणे जेवले आणि सुखरूप गेले. घरचा माणूस जेवला आणि गेला. मी कोण? लग्न झालेल्या बहिणीच्या घरी भाऊ पाहुणाच असतो, असं लोक म्हणतात. पण माझं ताट तिनं कधी पाहुण्यांच्या टेबलावर मांडलं नाही. चुलीच्या कडेला ठेवलं, तिच्या ताटाशेजारी.

एकदा आत जाऊन दोन घास खाल्ले की ती सुटेल. मला कळतं ते. किल्ली हातात घेऊन वळणापर्यंत जाऊनही आलोय. दारापाशी पोचलो की बाकी कुठला नाही, माझ्या ताटाचा वास येतो. गरम. आत्ता वाढल्यासारखा.

आणि मी परत फिरतो.

ते वळण आंधळं आहे. समोरून गाडी येते ती दिसत नाही. तरी तिथे मी आता हॉर्न देत नाही.

ताई अजून जेवलेली नाही.