चौकटीतली मोकळी जागा

आमच्या छापखान्यात खिळे जुळवताना एखादा शब्द गळला तर त्याला ‘प्रेत’ म्हणत, आणि तोच शब्द चुकून दोनदा पडला तर ‘लग्न’. जर्मनीतल्या साऱ्या जुन्या छापखान्यांची हीच बोली. आमच्याकडे जेवताना कुणीतरी सहज म्हणायचं, “आज तिसऱ्या पानावर प्रेत सापडलं,” आणि नवखा पाहुणा चमचा खाली ठेवायचा. लहानपणी मला याची फार गंमत वाटे.

ओस्टरलोह गावचं ‘बोटे’, म्हणजे निरोप्या, हे दैनिक माझ्या पणजोबांनी काढलं. मग आजोबा लाम्बर्ट, मग बाबा, मग मी, आल्मुट टेनब्रिंक. “बोटेत आलं नाही म्हणजे घडलंच नाही,” असं आजोबा ऐटीत सांगत, आणि गावालाही ते मान्य होतं. गेल्या शरद ऋतूत मी ते शहरातल्या एका मोठ्या वृत्तसमूहाला विकलं. जाहिराती आटल्या होत्या, माझ्यामागे कुणी नव्हतं. नवे मालक नावसुद्धा ठेवणार नव्हते. मला वाटलं होतं, बाबा माझ्याशी बोलणं टाकतील. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली.

“शेवटच्या अंकात आरेंटची चौकट लाव,” ते म्हणाले. “नावासकट.”

आरेंट हा त्यांचा थोरला भाऊ. छापखान्यात खिळे जुळवायला शिकत होता. खिळ्यांच्या शिशाने त्याचा अंगठा कायम करडा असायचा, आणि पावावर, बश्यांवर त्याचे ठसे उमटतात म्हणून आजी त्याच्यावर करवादायची. युद्धात तो पूर्वेच्या आघाडीवर गेला. तो पडल्याची तार आली तेव्हा त्याच्या निधनाची काळी चौकट आजोबांनी स्वतः उभं राहून जुळवली. सकाळी अंकात सगळं होतं, क्रूस होता, तारीख होती, आईबापांची नावं होती. आरेंटचं नाव तेवढं गळलं होतं. छापखान्यातल्या एकाच्याही तोंडून त्या दिवशी प्रेत हा शब्द निघाला नाही.

आजोबांनी दुरुस्ती छापली नाही, आणि आजीने शोकाचे काळे कपडे घातले नाहीत. बोटेत आलं नव्हतं ना. ती मरेपर्यंत मुलाची वाट बघत राहिली, आणि तिच्यानंतर ते काम बाबांकडे आलं.

“तो अडकलाय गं,” बाबा म्हणाले. “ना इकडे, ना तिकडे. बोटे बंद पडल्यावर त्याला कोण सोडवणार?”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण म्हाताऱ्या माणसाची एवढी इच्छा पुरी करायला माझं काय जात होतं? मी मजकूर लिहिला: ‘आमचा लाडका भाऊ व काका आरेंट टेनब्रिंक यास अखेर शांती लाभली. शोकाकुल: गेरोल्ट, आल्मुट.’ गेरोल्ट म्हणजे बाबा.

पानं लावणारा उबो माझ्याहून वयाने लहान, आणि जिभेने तिखट. त्याने प्रूफ आणून दिलं तेव्हा चौकटीत नावाची जागा कोरी होती.

“संगणकालासुद्धा प्रेतं टाकता येतात, आल्मुटबाई,” तो म्हणाला.

पडद्यावर नाव दिसत होतं. त्याने अक्षराचं वळण बदललं, पुन्हा कोरं. शेवटी त्याने नावाचं चित्र करून चिकटवलं, तेव्हा ते प्रूफवर उमटलं आणि आम्ही दोघं उगाचच हसलो. त्या खोलीत वितळलेल्या शिशाचा वास येत होता. शिसं आम्ही केव्हाच भंगारात काढलं होतं. उबोने खिडकी उघडली.

शनिवारच्या शेवटच्या अंकाची निरोपाची पुरवणी शुक्रवारी दुपारी छापली. यंत्रावरून आलेली पहिली प्रत मी उचलली. नाव नव्हतं. मधल्या गठ्ठ्यातली प्रत पाहिली, तळातली पाहिली. काळ्या रेघांच्या आत बरोबर एका नावाएवढी पांढरी जागा. यंत्र थांबवून पुन्हा छापायला मालक म्हणून माझ्या हातात फक्त तो दिवस होता, आणि कागद संपला होता. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

बाबा खिडकीशी खुर्चीत वाट पाहत होते. प्रत त्यांच्या हातात देताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. मोकळ्या जागेवर थांबले.

“याही वेळेला,” ते म्हणाले.

“माफ करा, बाबा.”

“तुझा काय दोष? त्याला जायचंच नाहीये. एकोणीस वर्षांचा होता पोरगा.”

मग त्यांनी पेन्सिल मागितली. प्रूफ तपासताना दोन शब्दांची अदलाबदल करायची असली की त्यांच्याभोवती एक वळणदार रेघ काढतात. हा शब्द तिथे, तो शब्द इथे. आयुष्यभर त्यांनी ती रेघ काढली होती. रेघ मोकळ्या जागेवरून निघाली आणि खाली त्यांच्या स्वतःच्या नावाभोवती वळली.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले. मी त्यांना सूप पाजलं आणि पांघरूण घातलं. पहाटे ते गेले होते.

मी कुणालाच कळवलं नव्हतं. कळवायला वर्तमानपत्रच उरलं नव्हतं. तरी अंत्यविधीला चर्च भरलं.

नंतर घरी कॉफी होती. शेजारच्या हुसमनबाईंनी लोण्याचा केक आणला होता. त्या म्हणाल्या, शनिवारी सकाळी अंकात वाचलं आणि काळजात धस्स झालं. कुठल्या अंकात, मी विचारलं. त्यांनी पिशवीतून घडी केलेली पुरवणी काढली.

‘आमचा लाडका भाऊ व काका गेरोल्ट टेनब्रिंक यास अखेर शांती लाभली. शोकाकुल: आरेंट, आल्मुट.’

मी दोनदा वाचलं. बाबांच्या प्रतीत अजूनही कोरी जागा आणि पेन्सिलची रेघ आहे. गावातल्या बाकी सगळ्या प्रतींत नावं छापलेली आहेत.

“मला वाटायचं, तुझे काका युद्धातच गेले,” हुसमनबाई म्हणाल्या. “पण बोटेत आलंय म्हणजे आहेत. त्यांच्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवलाय हं.”

पाहुणे गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. टोकाला ठेवलेल्या बशीत केक नव्हता.

बशीच्या पांढऱ्या काठावर अंगठ्याचा ठसा होता. करडा.