एकाच गड्डीतले आकडे

सकाळी झुल्मिरानं गटाची मेल उघडली आणि हातातला चीज-पाव तसाच बशीत ठेवला. गटातल्या इओलांदाला काल पुन्हा कुणीतरी घाण लिहिली होती. या वेळी तिच्या आजारी आईलाही सोडलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी माझा कोड परत घेतेय," इओलांदा म्हणाली. "आणि काम सोडतेय."

"अगं, आज दुपारी निवड आहे."

"म्हणूनच. चार अनोळखी माणसं रोज माझ्यावर थुंकतात. मेल उघडायचीच भीती वाटते आता."

"दुपारी 'माते' चहाला ये. मग जा खुशाल."

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेतला हा गट कर्नेल लिहायचा, म्हणजे संगणकाचं सारं काम हाकणारा गाभा. संगणकातून मेल बाहेर जाते ती छोट्या पाकिटांतून, आणि अशा प्रत्येक पाकिटावर हा गाभा एक आकडा टाकतो. वाटेत पाकिटाचे तुकडे झालेच, तर त्यावरून ते जुळवता येतात. पण सगळ्या प्रोसेसरांनी आकड्यासाठी एकाच खिडकीशी रांग लावली, तर वेळ जातो. गटातल्या आदेमारचा तोडगा होता, प्रत्येकाला ओळीच्या आकड्यांची गड्डीच देऊन टाका, काम झटपट. इओलांदा म्हणायची, ओळीचे आकडे बाहेरचा माणूस वाचतो. थोडा उशीर चालेल, पण आकडे पिसून द्या. दोघांपैकी एकाचाच कोड गाभ्यात जाणार होता.

झुल्मिरा गटाचा सर्व्हर सांभाळायची. शिव्या देणारे चौघे लिस्बन, बोगोता अशा निरनिराळ्या ठिकाणचे दिसत होते. पण आडवाटेनं मेल पाठवून पत्ता बदलणं म्हणजे पोरखेळ. घाण घरातलीच असावी, असं तिला वाटत होतं.

तिनं आधी गटातल्याच वाल्दीरला गाठलं. माणूस फटकळ, एक घाव दोन तुकडे.

"तू इओलांदाशी सगळ्यांसमोर भांडलास."

"भांडलो. तिचा कोड हळू आहे. पण ते मी माझ्या नावानं सांगितलं, तोंड लपवून नाही."

"काम कुठल्या संगणकावर करतोस?"

"गटाच्या. आपल्याच जुन्या गाभ्यावर, रांगेत उभा राहून."

मग आदेमार. तोंडात साखर.

"काल इओलांदाला लगेच धीराची मेल टाकलीस."

"माणुसकी आहे, ताई. मला तर शिसारी आली."

"तुझा संगणक कसा चाललाय?"

"माझी गड्डी चढवलीय त्यावर. अजून दुसऱ्या कुणाकडं नाही. नुसता पळतोय."

"आणि इओलांदा म्हणते ते?"

आदेमार हसला. "त्या आकड्यांकडं कोण बघत बसतंय?"

झुल्मिरा सर्व्हरपाशी गेली आणि बघत बसली.

दुपारी चौघं 'माते' प्यायला बसले, म्हणजे तिथला कडू पाल्याचा चहा. एक तुंबा, एक नळी, आणि बसलेल्या प्रत्येकाची पाळी. झुल्मिरानं गरम पाणी ओतलं, पहिला तुंबा स्वतः प्यायली आणि बोलायला लागली.

"आडवाटेनं पत्ता बदलतो, पण पाकिटावरचा आकडा तसाच येतो. शिव्या देणाऱ्या चौघांची पाकिटं मी वेळेनुसार लावली. पत्ते चार, आकडे एकाच ओळीतले. एकाचे संपले की तिथूनच दुसऱ्याचे. मग एक उडी, पुन्हा ओळ. ही गड्डीची चाल आहे, आदेमार."

"कुणीतरी माझा कोड पळवला असेल," आदेमार म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण काल आलेल्या दोन शिव्यांच्या मधले थोडे आकडे रिकामे होते. तिथं कोण बसतंय ते पाहिलं. तुझी धीराची मेल बसली." "शिवी, सांत्वन, पुन्हा शिवी. सगळं एकाच गड्डीतून. ही पोरगी तुझे आभार मानत होती, तेव्हा तू तिच्या आईवर लिहीत होतास. किळस येते मला तुझी."

वाल्दीर खुर्ची सरकवून त्याच्यापासून लांब बसला.

"तिचा कोड गाभ्यात गेला असता तर माझी सगळी मेहनत पाण्यात गेली असती," आदेमार पुटपुटला.

"मी हेच सांगत होते," इओलांदा त्याला म्हणाली. "बाहेरून आकडे वाचता येतात." मग झुल्मिराकडं वळली. "ताई, कोड परत घेत नाहीये मी."

झुल्मिरानं तुंबा भरून तिला दिला. तो रिकामा होऊन आला, तेव्हा पुन्हा भरला. पाळी आदेमारची होती. सवयीनं त्यानं हात पुढं केला. झुल्मिरानं त्याच्या हातावरून तुंबा वाल्दीरला दिला.